पेट्रोल कुठपर्यंत आलं?

सेल्फ मारला की इंजिन जोमात फिरतं, पण पेट घेत नाही. चोक ओढून झाला, ॲक्सिलरेटर दाबून झाला, सेल्फचा आवाज जड व्हायला लागला. एव्हाना बॉनेटभोवती शेजारपाजारचे जमलेले असतात आणि प्रत्येकाकडे एक औषध तयार असतं. कुणी प्लग बदलायला सांगतं, कुणी कार्बोरेटर उतरवायला, कुणी थेट पंपालाच दोषी ठरवतं. जुन्या गाडीवर होणारा बराचसा वायफळ खर्च याच घडीला ठरतो. चांगले भाग निघतात, त्यांच्या जागी कमी दर्जाचे नवे बसतात आणि मूळ दोष आहे तिथेच राहतो.

कोणत्याही सुट्या भागाचं नाव घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवावं, असं मला अगदी मनापासून वाटतं: पेट्रोल टाकीतून निघून कुठपर्यंत पोहोचलंय? हे कळलं की वाटेचा एक तुकडा संशयातून सुटतो. मग उरलेल्या तुकड्यात पुन्हा तोच प्रश्न विचारायचा.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 साली फियाट 1100 डिलाइट या नावाने बनू लागलेली ही गाडी 1974 पासून पद्मिनी झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबईची कित्येक दशकं सेवा केली. ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली, आणि टॅक्सीला असलेली 20 वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या हौशी मालकांच्या पार्किंगमध्ये आहेत. रविवारी, सणावाराला किंवा एखाद्या व्हिंटेज रॅलीपुरत्या बाहेर पडतात. हा बदल निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीत पेट्रोल शिळं होत नसे, डायफ्रॅम सुकत नसे, कार्बोरेटरचा बाउल कधी कोरडा पडत नसे. आज त्याच गाडीला जडणारे पेट्रोलचे विकार बहुतेक उभं राहण्याचे आहेत.

तिची रचना अगदी सरळ. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, टाकी मागे. टाकीतून निघालेली बारीक नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते. इंजिनच्या अंगाला बसवलेला पंप, ज्याला गॅरेजमध्ये सगळे एसी पंप म्हणतात, तो कॅमशाफ्टच्या फिरण्यावर चालतो. त्यातला रबरी डायफ्रॅम खाली ओढला गेला की टाकीकडून पेट्रोल आत येतं, स्प्रिंगने वर ढकलला गेला की ते कार्बोरेटरकडे जातं. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये एक फ्लोट तरंगत असतो. पातळी भरली की तो नीडल वर दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. बाउलमधून जेटच्या केसाएवढ्या भोकांतून पेट्रोल हवेत मिसळतं आणि सिलिंडरकडे निघतं. या सगळ्यात विजेवर चालणारं काहीच नाही. म्हणूनच प्रत्येक टप्पा डोळ्यांनी, नाकाने आणि हाताने तपासता येतो.

तपासायला लागण्याआधी सुरक्षेचं सांगणं भाग आहे, आणि ते मी घाईत उरकणार नाही. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटेल एवढी वाफ सोडतं. आपल्याकडच्या कोणत्याही हवेत ते कायम पेटाऊच असतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, गॅरेजच्या खड्ड्यात, बेसमेंटच्या कोपऱ्यात साचून राहते. म्हणून काम उघड्यावर करायचं. विडी-सिगारेट नाही, जवळपास गरम बल्ब नाही, पावडरचा अग्निशामक हाताशी. पाइप सोडवून सेल्फ मारायचा असेल तर कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी जाड वायर आधी काढून तिचं टोक इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून ठेवायचं, म्हणजे ठिणगी भलतीकडे उडणार नाही.

आता पहिला प्रश्न पेट्रोलचा नाहीच, बॅटरीचा आहे. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर इंजिन फिरताना दिसतं, पण कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही आणि ठिणगी मरतुकडी पडते. लक्षणं हुबेहूब पेट्रोल न आल्यासारखी. याच चुकीपायी कितीतरी कार्बोरेटर विनाकारण उघडले गेले असतील. बॅटरी ठीक असेल तर एक प्लग काढा, त्याच्या वायरला जोडून धातूला टेकवा आणि करंट बघा. हे करताना पेट्रोलची कोणतीही नळी उघडी नसावी. निळसर, टचकन वाजणारी ठिणगी आली की विजेची बाजू तात्पुरती सोडून देता येते.

काढलेल्या प्लगकडे मात्र जरा थांबून बघा, कारण तोच पहिला साक्षीदार. भरपूर सेल्फ मारूनही टोक कोरडं असेल आणि वास येत नसेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाही. टोक ओलं, काळपट आणि वासाचं असेल, तर पेट्रोल येतंय, बहुधा गरजेपेक्षा जास्त. दोन्ही परिस्थितींत गाडी बंदच, पण उपाय एकमेकांच्या अगदी उलटे. कोरड्या इंजिनला चोक हवा. ओल्या इंजिनला चोक दिला तर ते आणखी बुडतं.

पुढची परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण तिला एकही हत्यार लागत नाही. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवा, आणि कार्बोरेटरच्या तोंडात वरून बघत थ्रॉटलची दांडी हाताने झटकन पूर्ण उघडा. आत एका बारीक तोंडातून पेट्रोलची धार सुळकन उडून घशात पडली पाहिजे. ही धार ॲक्सिलरेटर पंपाची; ती बाउलमधलं पेट्रोल वापरते. धार आली म्हणजे टाकी, लाइन, एसी पंप, नीडल या सगळ्यांनी आपलं काम निदान एकदा तरी केलेलं आहे. अर्धी वाट एका क्षणात संशयातून बाहेर. बघताना चेहरा थेट वर नेऊ नका आणि त्या वेळी सेल्फ कुणालाही मारू देऊ नका. उलटा भडका याच तोंडातून येतो.

धार आली, तरी द्रव आला एवढंच सिद्ध होतं. तो पेट्रोलच आहे का, आणि कामाचा आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. बाउलमधला थोडा नमुना स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी स्वतंत्र थेंबासारखं किंवा थरासारखं बसतं आणि बरणी तिरकी केली की सरकताना दिसतं. कोकणपट्टीत पावसाळाभर अर्ध्या टाकीनिशी उभ्या राहिलेल्या गाडीत हे सर्रास सापडतं; रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार होते आणि पत्र्यावर पाणी सुटतं. शिळ्या पेट्रोलची ओळख मात्र नाकाने पटते. पेट्रोल हे हलक्या-जड अशा अनेक द्रवांचं मिश्रण असतं. थंड इंजिन सुरू करायला लागतात ते हलके अंश, आणि उभ्या गाडीतून सर्वांत आधी उडून जातात तेही हेच. मागे राहतो तो गडद रंगाचा, जुन्या वॉर्निशसारखा उग्र वास येणारा द्रव. तो पेटतोही, पण सकाळच्या गार इंजिनमध्ये त्याची पुरेशी वाफ होत नाही.

धार आली नाही, तर आधी ॲक्सिलरेटर पंपाचाच डायफ्रॅम फाटलेला नाही ना, ही शंका फेडून घ्यायची. चमचाभर ताजं पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात घाला, डबा दूर नेऊन ठेवा, एअर फिल्टर परत बसवा आणि मगच सेल्फ मारा. इंजिनने दोन सेकंद पेट घेऊन मान टाकली, तर निकाल स्पष्ट आहे: ठिणगी चांगली, टायमिंग चांगलं, फक्त पेट्रोल पोहोचत नाही. काही जण इंजिन फिरत असताना वरून बाटलीने पेट्रोल ओतत राहतात. कृपा करून ते कधीही करू नका. हातातल्या बाटलीपर्यंत जाळ यायला क्षणही लागत नाही.

आता वाटेच्या मधोमध उभं राहायचं. एसी पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप कार्बोरेटरच्या बाजूने सोडवा, त्याचं टोक एका धातूच्या डब्यात धरा, वर सांगितल्याप्रमाणे कॉइलची वायर काढलेली असू द्या, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे पेट्रोल ठोके देत बाहेर पडलं पाहिजे. जोरदार, एकसारखे ठोके आले तर पंप आणि मागची सगळी बाजू निर्दोष. दोष कार्बोरेटरच्या दारात, म्हणजे तिथली जाळी तुंबलेली किंवा नीडल चिकटलेली. थेंबथेंब आलं, बुडबुड्यांसह आलं किंवा आलंच नाही, तर दोष पंपात किंवा त्याच्या मागे. इथे एक इशारा: ही चाचणी कार्बोरेटरच्या गाडीसाठी आहे, जिथे पंपाचा दाब तीन-चार पीएसआयच्या घरात असतो. इंजेक्शनच्या गाडीत लाइनमधला दाब याच्या दहापट असू शकतो. तिथे पाइप असा सोडवणं धोक्याचं.

पंपाला दोष देण्याची घाई इथेच होते. पंपाच्या मागची बाजू ओढीवर चालते, पुढची दाबावर, आणि हा फरक ज्याच्या डोक्यात पक्का असतो त्याचं निदान सहसा चुकत नाही. दाबाच्या बाजूला पाइप फुटला तर पेट्रोल टपकतं, वास येतो, दोष स्वतःहून दिसतो. ओढीच्या बाजूला रबरी पाइपला केसाएवढी चीर पडली तर बाहेर काहीच गळत नाही, कारण पंप ओढत असताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. चिरेतून हवा आत शिरते आणि पंप पेट्रोलऐवजी तीच ओढत बसतो. बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ, निर्दोष. टाकीच्या तोंडाशी असलेला रबरी तुकडा याबाबत सर्वांत बदनाम. तो गाडीखाली असतो, सहज दिसत नाही आणि म्हणून कुणी बदलत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडवून बंद करा. पंपाला नवा, आखूड पाइप लावून त्याचं दुसरं टोक ताज्या पेट्रोलच्या छोट्या, नीट उभ्या राहणाऱ्या धातूच्या डब्यात बुडवा. पुन्हा ठोके बघा. आता पेट्रोल धडाधडा आलं तर पंप सुटला. दोष टाकी ते पंप या लाइनमध्ये. आताही आलं नाही, तर मगच पंप उघडा. बहुधा त्याच्या वरच्या झाकणाखालची जाळी कचऱ्याने भरलेली असते किंवा छोट्या झडपा चिकटलेल्या असतात. डायफ्रॅम फाटला असेल तर आणखी एक जागा आवर्जून तपासायची: ऑइलची डिपस्टिक. फाटक्या डायफ्रॅममधून पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. पातळी वाढलेली दिसली आणि वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.

टाकीच्या झाकणाची गोष्ट छोटी आहे. टाकीतून पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. त्यासाठीचं बारीक छिद्र गंजाने किंवा धुळीने बुजलं तर आत पोकळी तयार होते आणि पंपाची ओढ कमी पडते. गाडी चांगली चालता चालता बंद पडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालते. बंद पडल्या क्षणी झाकण उघडा. हवा फुस्स करत आत गेली तर दोष हातात आला. काट्यावरही आंधळा भरवसा नको. जुन्या गाडीत काटा पाव टाकी दाखवतो आणि आत तळ कोरडा असतो.

ओल्या प्लगच्या बाबतीत, म्हणजे कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर, संशय नीडल आणि फ्लोटवर. नीडलखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी वाट बंद होत नाही. जुन्या पितळी फ्लोटचा दोष याहून लपलेला असतो. हा फ्लोट म्हणजे पातळ पत्र्याची डाखलेली पोकळ डबी. डाखाला चीर पडली की पेट्रोल आत झिरपतं, फ्लोट जड होतो, हवा तितका वर येत नाही आणि नीडल बंद होत नाही. तो काढून कानाशी हलवला तर आत द्रव हिंदकळल्याचा आवाज येतो. नाही आला, तर फ्लोट पुसून कोरडा करा आणि पेट्रोलपासून दूर, भांड्यातल्या गरम पाण्यात चिमट्याने बुडवून धरा. आतली हवा तापून फुगते आणि चीर असेल तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. अगदी डोळ्यांना न दिसणारी चीरही जागा दाखवते. मात्र आत पेट्रोलची वाफ असताना त्याला डाख द्यायला जाऊ नका, फ्लोट फुटू शकतो. शिवाय डाखाच्या वजनानेही पातळी बिघडते. नवा फ्लोट घेणंच शहाणपणाचं. जेट साफ करतानाही तीच काळजी: तार घालू नये. भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ठरलेलं असतं, आणि पितळ मऊ असतं. क्लीनर आणि हवा एवढंच पुरे.

उन्हाळ्यातला दोष वेगळा. घाट चढून गाडी उभी केली, चहा घेतला, आणि आता ती सुरूच होत नाही. पेट्रोलचे हलके अंश 35 ते 40 अंशांपासून उकळायला लागतात, आणि ओढीच्या बाजूला दाब कमी असल्यामुळे तिथे त्याहूनही लवकर. इंजिनला चिकटलेला पंप तापला की आत वाफ साचते आणि डायफ्रॅम वाफच मागे-पुढे करत राहतो. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या फियाट आणि ॲम्बॅसेडर एका पिढीने पाहिल्या आहेत. पंपावर ओलं फडकं टाकण्याचा ड्रायव्हरांचा उपाय शास्त्राला धरूनच होता: पाणी उडताना पंपाची उष्णता घेऊन जातं. पण तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर चालणारा प्रत्येक दोष पेट्रोलचा नसतो. कॉइल किंवा कंडेन्सर कमजोर झाला तरी गाडी अगदी असंच वागते. दोन्ही वेगळे करायचे तर दोष हजर असतानाच तपासलं पाहिजे. बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, थ्रॉटल उघडून धार बघा आणि प्लगचा करंट बघा. गाडी गार होऊन मिस्त्रीकडे पोहोचली की दोन्ही पुरावे नाहीसे झालेले असतात.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यात इथेनॉलची भर पडली आहे. 2003 मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रणाने सुरुवात झाली, 2022 मध्ये देश 10 टक्क्यांवर पोहोचला आणि आता पंपावर 20 टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या राज्याचा या धोरणाशी जवळचा संबंध आहे आणि त्याचे आर्थिक फायदे मी नाकारत नाही. पण 1980 च्या दशकातल्या गाडीचे रबरी पाइप, डायफ्रॅम आणि बुचाची गॅस्केट या इंधनासाठी बनलेली नव्हती. काही जुनी रबरं फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. टाकीच्या आतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबतो. इथेनॉल पाणी शोषून धरतं, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बसतो, आणि टाकीतली ओढनळी नेमकी तिथेच उघडते. अशा टाकीवर ताजं पेट्रोल ओतून भागत नाही. ती पूर्ण रिकामी करावी लागते.

मिश्रणाचं प्रमाणही बदलतं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला सुमारे 14.7 किलो हवा लागते. 20 टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला साडेतेराच्या आसपास. संगणक असलेली गाडी हे स्वतः जुळवून घेते, पद्मिनीचा जेट घेऊ शकत नाही. इंजिन थोडं हवाळ चालतं आणि गार सकाळी चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. हा बिघाड समजून कार्बोरेटरच्या स्क्रूशी खेळत बसू नये. आधी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा सगळा रबरी पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचा घ्यावा, पंपाचा डायफ्रॅमही तसाच मागून घ्यावा, आणि लाइनमध्ये आतलं दिसेल असा फिल्टर बसवावा, म्हणजे पुढच्या वेळी पेट्रोल तिथवर आलं की नाही हे बॉनेट उघडताच कळेल. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही. त्याहून जास्त काळ राहणार असेल तर टाकी आणि बाउल दोन्ही रिकामे करून ठेवावेत.